एक लक्स उजेडातली वाट

खोलीच्या मधोमध जमिनीवर एक पट अंथरलेला आहे. पाच फूट रुंद, दहा फूट लांब. त्यावर बाण काढलेले चौकोन. बाण सांगेल तिकडे वळायचं, वाटेत ठेवलेल्या वस्तूंना धक्का लागू द्यायचा नाही, एखाद्या ठिकाणी पाय उचलून ओलांडायचं आणि शेवटी दारापाशी पोचायचं. चालणारं मूल चार वर्षांचं असू शकतं, किंवा माणूस चव्वेचाळीस वर्षांचा. आत येण्याआधी चाळीस मिनिटं अंधारात बसवलेलं असतं. कधी एका डोळ्यावर पट्टी, कधी दोन्ही डोळे उघडे. सगळ्याचं चित्रीकरण होतं. तीन मिनिटांच्या आत, ठरावीक संख्येपेक्षा कमी चुका करून दार गाठलं तर पास.

जन्मजात अंधत्वावरच्या पहिल्या जीन थेरपीचा, म्हणजे बिघडलेल्या जनुकाची चांगली प्रत पेशींत पोचवणाऱ्या उपचाराचा, निकाल या दहा फुटांवर लागला. औषधाचं नाव व्होरेटिजीन नेपारव्होव्हेक, बाजारातलं नाव लक्स्टर्ना. 19 डिसेंबर 2017 रोजी अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, एफडीएने, त्याला मान्यता दिली. एका विशिष्ट जनुकातल्या दोषाने होणाऱ्या आजारावर थेट रुग्णाच्या शरीरात द्यायची जीन थेरपी अमेरिकेत तोपर्यंत मंजूर झालेली नव्हती.

मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे. तक्ता लावून अक्षरं वाचून घेणं हे माझं रोजचं काम. या प्रकरणाबद्दल बोलताना लोक ती प्रत वाहून नेणाऱ्या विषाणूबद्दल बोलतात, किमतीबद्दल बोलतात. दोन्ही बोलायलाच हवं. पण मला सर्वांत जास्त विचार करायला लावलं ते या पटाने. मुलाला आधीपेक्षा जास्त दिसतं, हे सिद्ध कसं करायचं? तक्त्यावर ते दिसत नाही, आईच्या शब्दावर सरकार औषध मंजूर करत नाही. या पेचातून हे औषध घडवणारी अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाची संशोधक मंडळी कशी बाहेर पडली, ते इथे मांडते आहे.

बाळ नजर लावत नाही

आजाराचं नाव लेबर कंजेनिटल अमॉरोसिस, थोडक्यात एलसीए. जर्मन नेत्रतज्ज्ञ थिओडोर लेबर यांनी 1869 मध्ये त्याचं वर्णन केलं. लाखामागे दोन-तीन बाळांना होतो. घरी सगळ्यात आधी कळतं ते आईला: बाळ नजर लावत नाही. हसवलं तर आवाजाकडे वळतं, तोंडाकडे नाही. बुबुळं भिरभिरत राहतात. थोडं मोठं झालं की डोळ्यांत मुठी दाबून बसतं. डॉक्टरांनी पडदा, म्हणजे दृष्टिपटल, तपासला तर सुरुवातीला बऱ्याचदा तो ठीकच दिसतो. त्यामुळे ‘थांबा, मूल जरा सावकाश आहे’ असं सांगून परत पाठवलेली कितीतरी बाळं मी पुन्हा वर्षाने पाहिली आहेत. पडद्याची विद्युत तपासणी, ईआरजी, केली की रेघ जवळजवळ सपाट येते आणि मग निदान होतं.

वीसहून अधिक जनुकांपैकी कोणत्याही एकात दोष असला तरी एलसीए होतो. बहुतेक प्रकारांत आई आणि वडील दोघेही वाहक असतात, दोघांनाही उत्तम दिसतं, आणि प्रत्येक गरोदरपणात चारात एक एवढी शक्यता असते. आपल्याकडे मामाच्या मुलीशी किंवा आत्याच्या मुलाशी लग्न होतं त्या घरांत ही शक्यता वाढते, कारण दोघांकडे एकाच आजोबांचा तोच दोष आलेला असू शकतो. हे सांगताना मी एक वाक्य कधीच गाळत नाही: यात आईचा दोष नाही. ग्रहणात तिने काय चिरलं, कुठे गेली, काय खाल्लं याचा याच्याशी काडीचा संबंध नाही. निम्मा दोष बापाकडून आलेला असतो, तोही नकळत. सासूबाई समोर बसलेल्या असतील तर हे वाक्य मी दोनदा सांगते.

या वीसहून अधिक जनुकांपैकी एक आरपीई65. एलसीएच्या शंभर मुलांमागे सात-आठ जणांतच दोष याचा असतो. पण संशोधकांनी सुरुवात इथूनच केली, आणि त्याला कारण होतं.

दिवा कसा जळतो ते आठवा. वात असते आणि तेल असतं. पडद्यातल्या प्रकाशपेशी म्हणजे वात. त्यांना जळायला लागणारं तेल म्हणजे जीवनसत्त्व ‘अ’पासून तयार होणारा एक रेणू. प्रकाश पडला की तो रेणू आपला आकार बदलतो, आणि मेंदूकडे संदेश जातो. वापरलेला रेणू पुन्हा पहिल्या आकारात आणून द्यावा लागतो. ते काम पडद्यामागच्या रंगद्रव्याच्या थरात होतं आणि ते करणारं विकर (एन्झाइम) म्हणजे आरपीई65. हे विकर नसलं की वात शाबूत, पण तेल येत नाही. आजाराच्या बाकी कित्येक प्रकारांत वातच लवकर जळून जाते. इथे ती काही वर्षं टिकून राहते, म्हणून तेल पोचवण्यात अर्थ होता. मात्र तेलाशिवाय वातही हळूहळू झडत जाते. हे घड्याळ या प्रकरणात शेवटपर्यंत चालू आहे.

आणि एक लक्षण, जे पाठ्यपुस्तकापेक्षा घरात जास्त स्पष्ट दिसतं: ही मुलं उजेडाची वेडी असतात. ट्यूबलाइटकडे, खिडकीकडे टक लावून बघत राहतात. भर दुपारी अंगणात बरी वावरतात आणि दिवेलागणीला जागच्या जागी बसून राहतात.

कुत्रे, आणि मधली काळी वर्षं

ब्रायार्ड जातीच्या कुत्र्यांत हाच दोष निसर्गतःच आढळतो. 2001 मध्ये कॉर्नेलचे ग्रेगरी अ‍ॅक्लंड आणि गुस्ताव्हो अगिरे, फ्लोरिडाचे विल्यम हाउसवर्थ, पेनसिल्व्हेनियाचे सॅम्युअल जेकबसन, जीन बेनेट, अल्बर्ट मॅग्वायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा तीन जन्मांध कुत्र्यांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. निरुपद्रवी एएव्ही विषाणूत आरपीई65ची चांगली प्रत भरून ती एका डोळ्याच्या पडद्याखाली सोडली होती. त्यानंतर हे कुत्रे वस्तू ठेवलेल्या खोलीत सोडले. उपचार झालेल्या डोळ्याच्या बाजूच्या वस्तू ते टाळत, दुसऱ्या बाजूच्या वस्तूंवर आपटत. त्यांतला लॅन्सलॉट इतका गाजला की त्याला अमेरिकन काँग्रेसच्या सदस्यांना दाखवायला नेलं. बेनेट आणि मॅग्वायर हे पतिपत्नी. उपचार झालेले दोन कुत्रे, व्हीनस आणि मर्क्युरी, त्यांनी पुढे स्वतःच्या घरी आणले.

कुत्र्याला तक्ता वाचता येत नाही, त्यामुळे तो चालतो कसा हेच पाहावं लागलं. हे लक्षात ठेवा.

कुत्र्यांना दिसू लागलं तरी माणसांपर्यंत यायला आणखी सहा वर्षं लागली. सप्टेंबर 1999 मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्याच यकृताच्या एका जीन थेरपी चाचणीत जेसी गेलसिंगर हा अठरा वर्षांचा मुलगा दगावला होता. विषाणू वेगळ्या प्रकारचा होता, मात्रा प्रचंड होती, तरी सगळ्या क्षेत्रावर सावट आलं आणि पैसा आटला. अशा वेळी मुलांवरच्या चाचणीला हात घालायचं धाडस फिलाडेल्फियाच्या बालरुग्णालयात डॉ. कॅथरीन हाय यांनी केलं. 2007 मध्ये तिथे पहिल्या रुग्णाला मात्रा दिली गेली. लंडनच्या मूरफिल्ड्स नेत्ररुग्णालयात रॉबिन अली आणि जेम्स बेनब्रिज यांचा गट, आणि पेनसिल्व्हेनिया-फ्लोरिडातला जेकबसन-हाउसवर्थ यांचा गट, तेही त्याच सुमारास उतरले. तीन गट, एकच जनुक.

डोळा निवडण्यातही शहाणपण होतं. तो लहान, बंदिस्त, मात्रा थोडी पुरते, रोगप्रतिकारक यंत्रणा तिथे फारशी धुमसत नाही, आणि एक डोळा सोडून दुसऱ्याशी तुलना करता येते. आरपीई65चा संदेश साधारण 1600 अक्षरांचा, म्हणजे डीएनएच्या घटकांचा. एएव्हीच्या पोटात सुमारे 4700 अक्षरं मावतात. सीईपी290 हे एलसीएचं दुसरं जनुक 7400 अक्षरांच्या पुढे जातं, म्हणून ते या डब्यात मावतच नाही.

शस्त्रक्रिया नाजूक. डोळ्यातला जेलीसारखा द्रव काढायचा, केसासारख्या सुईने पडद्याखाली 0.3 मिलिलिटर औषध सोडायचं. त्यात विषाणूच्या 15 हजार कोटी प्रती असतात. पडदा तेवढ्या जागी फोडासारखा उचलला जातो आणि नंतर पुन्हा चिकटतो. मोतीबिंदू, वाढलेला दाब, पडद्याला भोक हे धोके खरे आहेत. आत हवेचा बुडबुडा ठेवलेला असतो. तो विरेपर्यंत विमानप्रवास बंद. दुसरा डोळा निदान सहा दिवसांनी.

तक्ता अपुरा पडतो

फिलाडेल्फियातले पहिले बारा रुग्ण आठ ते चव्वेचाळीस वर्षांचे होते. त्यांतल्या आठ वर्षांच्या एका मुलाची गोष्ट खूप छापून आली. शस्त्रक्रियेनंतर चार दिवसांनी घरचे त्याला शहरातल्या प्राणिसंग्रहालयात घेऊन गेले. त्याने वर पाहिलं आणि उन्हाने डोळे दुखले म्हणून ओरडला. जन्मापासून दिव्याजवळ नाक नेऊन पाहणारं पोर उन्हाला दिपलं. आईवडिलांना आणखी कसल्या पुराव्याची गरज नव्हती.

एफडीएला होती, आणि ती मला रास्त वाटते. कोणत्याही आईला वाटतं की मुलाला आता थोडं दिसायला लागलं. मलाही टेबलासमोर बसून हे कित्येकदा वाटलेलं आहे आणि महिन्याभराने चूक निघालेली आहे.

तक्ता काय मोजतो? भरपूर उजेडात, पडद्याच्या मधल्या इवल्याशा भागाने, स्थिर बसून ओळखलेलं अक्षर. या मुलांची मुख्य अडचण तिथे नाहीच. त्यांना कमी उजेडात दिसत नाही, बाजूचं दिसत नाही. औषधाने सुधारणाही तिथेच होते. तक्त्यावर मोजलं तर प्रत्यक्ष चाचणीत ती सुधारणा सांख्यिकीच्या कसोटीला उतरलीसुद्धा नाही. म्हणजे तक्ता हेच माप ठेवलं असतं, तर काम करणारं औषध नापास झालं असतं. गेली कित्येक वर्षं मी त्या तक्त्यावर विसंबून केस पेपर भरते आहे, त्यामुळे हे वाचून मी बराच वेळ गप्प बसले होते.

म्हणून वाट तयार झाली. कुत्र्यांच्या खोलीची सुधारलेली, मोजमाप घातलेली आवृत्ती म्हणा हवं तर. पटाच्या बारा वेगवेगळ्या मांडण्या, म्हणजे मूल पाठ करून चालू शकणार नाही. प्रत्येकीत वळणं सारखी, अडथळे सारखे, फक्त क्रम निराळा. आणि खरी हुशारी उजेडात: 400 लक्सपासून 1 लक्सपर्यंत सात पायऱ्या. लक्स हे उजेड मोजायचं एकक. 400 लक्स म्हणजे ऑफिसातला उजेड. 50 लक्स म्हणजे रात्री उघड्यावरचं रेल्वे स्टेशन. 1 लक्स म्हणजे रात्री घरात लावलेल्या झीरोच्या दिव्याचा उजेड. ज्या पायरीवर मूल पास होतं, ती त्याची पायरी. चित्रफिती तपासणाऱ्यांना कुणाला औषध मिळालं, ही चित्रफीत आधीची की नंतरची, हे सांगितलेलं नसे.

तिसऱ्या टप्प्याची चाचणी फिलाडेल्फिया आणि आयोवा इथे झाली. एकतीस जणांची निवड झाली, दोघे आधीच बाहेर पडले. वीस जणांना दोन्ही डोळ्यांत औषध, नऊ जणांनी एक वर्ष थांबायचं आणि मग औषध. खोटी शस्त्रक्रिया कुणावरच नाही. मुलाचा डोळा उगाच उघडायचा नाही, हा निर्णय मला पूर्ण पटतो, त्यामुळे पुरावा थोडा कच्चा राहिला तरीही. वर्षाअखेरीस उपचार झालेल्या गटाने सरासरी 1.8 पायऱ्या कमी उजेडात वाट पार केली, थांबलेल्या गटाने 0.2. वीसपैकी तेरा जण 1 लक्समध्ये दारापर्यंत गेले. थांबलेल्या गटातलं कुणीही नाही. प्रकाशाची जाणीव मोजणाऱ्या वेगळ्या तपासणीत, एफएसटीमध्ये, शंभर पटींहून जास्त फरक आला. वाट आणि एफएसटी या दोन स्वतंत्र मापांनी एकच गोष्ट सांगितली, हे माझ्या मते सगळ्यात भक्कम.

12 ऑक्टोबर 2017 रोजी एफडीएच्या सल्लागार समितीने 16 विरुद्ध 0 मतांनी कौल दिला.

या मापातही उणीव आहे. जो आधीच 10 लक्समध्ये चालत होता तो फार तर दोन पायऱ्या चढू शकतो. 1 लक्सच्या खाली पटच संपतो. त्याच्या डोळ्यात त्याहून जास्त सुधारणा झाली असेल, तर ती कुठेच नोंदली जात नाही. शिवाय वाट चालणं म्हणजे चेहरा ओळखणं नव्हे, पुस्तक वाचणं नव्हे. पण आंधळ्या माणसाच्या दिवसात काय बदललं, याला चालण्याइतकं जवळचं दुसरं काही त्या वेळी कुणी मांडलेलं नव्हतं.

काय मिळालं, काय नाही

पूर्ण दृष्टी मिळाली नाही. ज्याची वात जास्त शिल्लक त्याला जास्त फायदा, म्हणून लहान मुलांचे निकाल मोठ्यांपेक्षा चांगले. लंडनच्या आणि जेकबसन यांच्या गटाने 2015 च्या सुमारास दाखवलं की त्यांच्या काही रुग्णांत मिळालेली सुधारणा काही वर्षांनी ओसरली आणि पेशींची झीज चालूच राहिली. फिलाडेल्फियाच्या रुग्णांत फायदा जास्त काळ टिकल्याचं दिसलं; तिन्ही गटांचा विषाणू आणि मात्रा सारखी नव्हती. बाजारात आल्यानंतर काही डोळ्यांत उपचाराच्या जागेभोवती पडदा झिजल्याच्या नोंदीही आल्या. आईवडिलांशी बोलताना या गोष्टी पहिल्याच भेटीत सांगायला हव्यात, नंतर नाही.

किंमत जानेवारी 2018 मध्ये जाहीर झाली: एका डोळ्याला 4 लाख 25 हजार डॉलर, दोन्ही मिळून साडेआठ लाख. तेव्हाच्या दराने साडेपाच कोटी रुपयांच्या घरात. औषध बनवणाऱ्या स्पार्क कंपनीने विमा कंपन्यांशी करार केला की परिणाम दिसला नाही तर काही पैसे परत. परिणाम मोजायचा कशाने? एफएसटीने, पहिल्या तीन महिन्यांत आणि पुन्हा तीस महिन्यांनी. म्हणजे माप शेवटी बिलातही आलं.

आपल्या 2021 च्या राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरणात, त्यात नोंदलेल्या आजारांसाठी, मदतीची मर्यादा पुढे वाढवून 50 लाख रुपये केली गेली. मुंबईचं केईएम हे त्यासाठीच्या केंद्रांपैकी एक. 50 लाख आणि साडेपाच कोटी यांतलं अंतर कुठल्याही वर्गणीने भरून निघणारं नाही, आणि समाजमाध्यमांवर मुलाचा फोटो टाकून पैसे गोळा करायची वेळ कुठल्याच आईबापांवर येऊ नये असं मला मनापासून वाटतं.

बाकी जनुकांवरचं काम मात्र थांबलेलं नाही. फेब्रुवारी 2025 मध्ये लंडनच्या गटाने एआयपीएल1 या जनुकाच्या दोषावरचे निकाल प्रसिद्ध केले. चार मुलं, वय एक ते तीन वर्षांच्या आत, प्रत्येकाचा एकच डोळा. फक्त उजेड-अंधार कळणाऱ्या या मुलांना उपचाराच्या डोळ्याने वस्तू दिसू लागल्या. इथे तर रुग्ण वाट चालण्याच्याही आधीच्या वयाचे. माप पुन्हा नव्याने शोधावं लागलं: मूल नजर कुठे नेतं, आणि त्या डोळ्यासमोर चित्र धरलं की मेंदूत लहर उठते का.

आमच्या खोलीत

गेल्या पावसाळ्यात अंगणवाडीच्या तपासणीतून चौदा महिन्यांचा एक मुलगा आमच्याकडे आला. केस पेपरवर ‘दृष्टी’ या रकान्यात आधीच्या ठिकाणी लिहिलेलं होतं: तपासता येत नाही.

आईला विचारलं, “काय वाटतं तुम्हाला, दिसतं का त्याला?”

“दिवसा दिसतंय मॅडम. लाईट गेली की न्हाई दिसत.”

“कशावरून म्हणता?”

“रडत न्हाई. पण जिथं हाय तिथंच बसतोय. लाईट आली की सरळ दाराकडं रांगत जातोय.”

हे वाक्य मी त्या रकान्यात जसंच्या तसं उतरवलं. रक्ताचा नमुना जनुक तपासणीला गेला, ईआरजीसाठी मोठ्या रुग्णालयाची चिठ्ठी दिली. अहवालाला वेळ लागणार होता. तोवर मी त्यांना एक दोनशे पानी वही दिली. रोज एकदा, एकाच जागी, एकच स्टीलची वाटी त्याच्यापासून दोन हातांवर ठेवायची. वाटीचा आवाज होऊ द्यायचा नाही. दिवा कोणता लावला ते लिहायचं, आणि त्याने काय केलं ते लिहायचं. बाकी काही नाही.

तीन आठवड्यांनी वही परत आली. अक्षर मोठं, ओळी सोडून लिहिलेलं. सतराव्या दिवसाची नोंद अशी:

‘देवापुढची समई. वाटी घेतली नाही. हात पण केला नाही. मग चुलीकडचा बल्ब लावला. घेतली.’